थरावर थर : अहवालातले विभाजित स्तंभ मांडावेत कसे, वाचावेत कसे



वार्षिक अहवालाच्या मागच्या पानांवर पूर्वी नुसते आकड्यांचे तक्ते असत. गाळप, उतारा, साखरेची पोती, ऊसबिले, कर्जे. पाच-पाच हंगामांचे आकडे शेजारी शेजारी. ते वाचायला चष्मा आणि सवड दोन्ही लागे, आणि सभेच्या मांडवात दोन्हींची टंचाई. आता त्या जागी रंगीत स्तंभ येऊ लागले आहेत. संगणकाच्या पडद्यावर रोजचा हिशेब चित्रात मांडणारे डॅशबोर्ड आले आहेत आणि त्यांचे फोटो मोबाईलवरून बांधापर्यंत पोहोचतात. चित्र चटकन कळते ही त्याची मोठी सोय. पण त्यात काही चुकले असेल तर ती चूकही तशीच चटकन डोक्यात बसते आणि मग निघता निघत नाही.

या लेखात आम्ही एकाच प्रकारच्या चित्राचा विचार करणार आहोत. एकच स्तंभ, पण त्याच्या पोटात निरनिराळ्या रंगांचे थर. शाळेच्या गणितात याला 'विभाजित स्तंभालेख' म्हणतात, संगणकवाले 'स्टॅक्ड कॉलम' म्हणतात. स्तंभाची कल्पना जुनी आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली छापलेल्या पुस्तकात स्कॉटलंडचा सतरा ठिकाणांशी चाललेला व्यापार पट्ट्या काढून दाखवला, तोही नाइलाजाने. त्याच्या हाती एकाच वर्षाचे आकडे होते, त्यामुळे वर्षानुवर्षांची रेघ काढता येत नव्हती. आज तेच चित्र चार बटणे दाबून निघते. बटणे कोणती ते पुढे सांगूच. त्याआधी काय रचावे आणि काय रचू नये ते पाहू, कारण ते संगणक सांगत नाही. त्याला द्याल ते तो निमूटपणे रचतो.

बेरीज होते का?

थरावर थर ठेवणे म्हणजे बेरीज करणे. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : या सगळ्या स्तंभाची मिळून जी उंची झाली, तिला काही नाव आहे का? आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा या चार उसांचे टन एकावर एक ठेवले तर वरच्या टोकाला 'एकूण गाळप' हे नाव देता येते. स्तंभ बरोबर आहे. पण गाळपाचे टन, त्यावर साखरेची पोती, त्यावर उताऱ्याचे टक्के असे रचले तर टोकाला काय लिहाल? काहीच लिहिता येत नाही. तीन मापे एकाच अहवालात हवीत हे मान्य, पण एका स्तंभात नकोत.

माप एकच असले म्हणजे झाले, असेही समजू नये. रोजच्या गाळप रिपोर्टात 'आजचे' आणि 'आजअखेर' असे दोन रकाने असतात. दोन्ही टनांतच. पण आजचे गाळप आजअखेरच्या पोटात आधीच धरलेले असते. ते एकमेकांवर ठेवले की आजचा ऊस दोनदा मोजला गेला. तीच गत 'नोंदलेला ऊस' आणि 'गाळलेला ऊस' यांची. गाळलेला हा नोंदलेल्यातलाच. रचायचे असेल तर 'नोंदीपैकी गाळलेला' आणि 'नोंदीपैकी शिल्लक' असे दोन थर घ्यावेत, म्हणजे उंची बरोबर नोंदीएवढी येते. गेटकेनचा ऊस नोंदीबाहेरचा, तो या स्तंभात घालूच नये, शेजारी वेगळा दाखवावा.

टक्क्यांचा मामला जरा जास्त नाजूक आहे. टक्के दिसले की 'कशाचे टक्के?' हे विचारावे. नोव्हेंबरचा उतारा नोव्हेंबरच्या उसाचा, मार्चचा मार्चच्या उसाचा. दोन्ही वेगळ्या उसांचे टक्के, त्यांची बेरीज होत नाही. इतकेच काय, सरळ सरासरीही काढता येत नाही. समजा, नोव्हेंबरात १,००,००० टन ऊस १०.४ टक्के उताऱ्याने गाळला आणि हंगाम उरकता उरकता मार्चमध्ये २०,००० टन ११.६ टक्क्यांनी गाळला. १०.४ आणि ११.६ यांची मधली रक्कम ११.० येते. पण साखर मोजाल तर १०,४०० टन आणि २,३२० टन, मिळून १२,७२० टन. ती १,२०,००० टन उसाला भागली की उतारा निघतो १०.६. फरक ०.४ टक्क्यांचा. किरकोळ वाटतो ना? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेल्या दरात १०.२५ टक्क्यांच्या वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जास्त आहेत. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. ०.४ टक्क्यांचे टनाला १३८ रुपये ४० पैसे झाले. ज्याचा शंभर टन ऊस गेला त्याला हा किरकोळ फरक वाटणार नाही.

उलट, टक्के एकाच उसाचे असतील तर ते खुशाल रचावेत. त्याचे उदाहरण पुढे साखरेच्या हिशेबात येईल.

दराचा स्तंभ

सभासदाला सगळ्यांत जिव्हाळ्याचा स्तंभ म्हणजे टनाच्या दराचा. एसएमपीच्या जागी २००९-१० च्या हंगामापासून रास्त व किफायतशीर दर आला, ज्याला आपण सगळे एफआरपी म्हणतो. १०.२५ टक्के उताऱ्याला हा दर टनामागे २०२३-२४ साठी ३,१५० रुपये, २०२४-२५ साठी ३,४०० रुपये आणि २०२५-२६ साठी ३,५५० रुपये ठरला. आपल्याकडे तोडणी-वाहतूक कारखाना करतो आणि तो खर्च या दरातून वजा होतो. म्हणजे दराच्या स्तंभात निदान दोन थर : तोडणी-वाहतूक आणि हातात पडणारी रक्कम.

आता असं बघा. एफआरपीचे आकडे खरे आहेत, तोडणी-वाहतुकीचे मात्र आम्ही हिशेब सोपा व्हावा म्हणून धरलेले आहेत. समजा एका कारखान्याचा उतारा तिन्ही वेळा १०.२५ धरला गेला आणि तोडणी-वाहतूक टनाला ७५०, ८५० आणि ९५० रुपये आली. मग हातात पडले २,४००, २,५५० आणि २,६०० रुपये.

हा स्तंभ दोन तऱ्हांनी काढता येतो. पहिली तऱ्हा : तळाला तोडणी-वाहतूक, वर सभासदाची रक्कम. चित्रात काय दिसते? स्तंभ दरवर्षी उंच होत चालला आहे, आणि सगळ्यांत वरचा, मोठा, हिरवा थर सभासदाचा आहे. मांडवात बसलेल्या माणसाला वाटते, हिरवा भाग चांगला वर सरकला की! सरकला खरा, पण तो वाढला म्हणून जितका सरकला, तितकाच खालच्या थराने ढकलला म्हणून सरकला. दुसरी तऱ्हा : तळाला सभासदाची रक्कम, वर तोडणी-वाहतूक. आता हिरव्या थराचे वरचे टोक तिन्ही स्तंभांत एकाच जमिनीवरून मोजता येते. पहिल्या वर्षी दीडशे रुपयांची वाढ, दुसऱ्या वर्षी फक्त पन्नासांची. दोन वर्षांत एफआरपी ४०० रुपयांनी वाढली आणि त्यातले २०० तोडणी-वाहतुकीत गेले, हे चित्र पाहता पाहता कळते. आकडे दोन्हीकडे तेच. खोटे कोणीच बोललेले नाही.

याचे कारण आपल्या नजरेत आहे. तळाचा थर शून्यावर उभा असतो, त्यामुळे शेजारच्या स्तंभांतल्या तळाच्या थरांची उंची नजर बिनचूक जोखते. वरचे थर अधांतरी असतात. त्यांची जाडी खालची कड आणि वरची कड दोन्ही बघून मनात वजाबाकी करून काढावी लागते. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रयोग करून हेच दाखवले की एका सामाईक रेषेवरून मोजायच्या गोष्टी माणूस जास्त अचूक जोखतो. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की ज्या प्रश्नासाठी चित्र काढले त्याचा थर तळाला ठेवावा. ऊसदराच्या चित्रात तो सभासदाच्या हातातल्या रकमेचाच हवा.

याच चित्रात आणखी एक खोडी होऊ शकते. डावीकडची मोजपट्टी शून्याऐवजी २,००० पासून सुरू केली तर २,४०० चा थर चारशेएवढा आणि २,६०० चा सहाशेएवढा उंच दिसतो. म्हणजे शंभराला आठ रुपयांची वाढ डोळ्यांना दीडपट भासते. स्तंभाची पट्टी शून्यापासूनच हवी. अहवाल हातात आला की डाव्या कोपऱ्यातला सर्वांत खालचा आकडा आधी वाचावा, मग चित्र.

गाळपाचा स्तंभ, उताऱ्याची रेघ

आता जरा मोठे उदाहरण घेऊ. पुन्हा समजुतीचेच आकडे, हजार टनांत.

नोव्हेंबर : आडसाली ६०, पूर्वहंगामी १०, सुरू ०, खोडवा ३०, एकूण १००, उतारा १०.१
डिसेंबर : आडसाली ५५, पूर्वहंगामी २५, सुरू ०, खोडवा ४०, एकूण १२०, उतारा १०.९
जानेवारी : आडसाली २५, पूर्वहंगामी ५०, सुरू ५, खोडवा ४०, एकूण १२०, उतारा ११.५
फेब्रुवारी : आडसाली ५, पूर्वहंगामी ५०, सुरू ३०, खोडवा ३०, एकूण ११५, उतारा ११.९
मार्च : आडसाली ०, पूर्वहंगामी १५, सुरू ४५, खोडवा १५, एकूण ७५, उतारा ११.६

पाच महिन्यांचे पाच स्तंभ, प्रत्येकात चार थर. थरांचा क्रम लागणीच्या क्रमाने ठेवला तर बरा : आडसाली तळाला, मग पूर्वहंगामी, सुरू, आणि माथ्यावर खोडवा. आडसाली उतरत गेली आणि सुरू चढत गेला हे लगेच दिसते. जानेवारी आणि फेब्रुवारीत पूर्वहंगामी ऊस सारखाच, ५० हजार टन. पण जानेवारीत तो थर २५ वर बसला आहे आणि फेब्रुवारीत ५ वर. नजरेला ते दोन थर सारखे वाटत नाहीत, शंका येते. अशा वेळी थराच्या पोटात आकडा छापावा. चार-पाच थरांपलीकडे मात्र जाऊ नये. आठ-आठ जातींचे आठ थर रचले की तो गोधडीचा तुकडा दिसतो. ८६०३२, २६५ अशा मोठ्या जाती दाखवून उरलेल्या 'इतर'मध्ये घालाव्यात.

यातलाच एक प्रकार म्हणजे शतमान स्तंभ. सगळे स्तंभ सारख्या उंचीचे, शंभराचे, थर वाट्याप्रमाणे. मार्चमध्ये सुरू उसाचा वाटा ६० टक्के, खोडव्याचा २०, हे त्यात छान दिसते. पण मार्चमध्ये गाळपच १२० वरून ७५ वर आले, हे त्यात बिलकूल दिसत नाही. वाटा विचारायचा असेल तेव्हा शतमान घ्यावा आणि प्रत्येक स्तंभाखाली एकूण टन लिहावेत. थकलेल्या बिलांचे चित्र कोणी नुसते शतमान करून दिले तर एकूण रक्कम मागून घ्यावी.

उतारा हा टनांवर रचायचा नाही हे ठरले. तरी तो याच चित्रात हवा असतो. त्यासाठी स्तंभांवरून एक रेघ काढतात आणि उजव्या बाजूला तिची वेगळी पट्टी देतात. डावीकडे टन, उजवीकडे टक्के. रेघेची पट्टी ९ पासून सुरू केली तरी चालते, कारण रेघेत उंची मोजत नाहीत, चढ-उतार पाहतात. मात्र रेघ एखाद्या स्तंभाच्या टोकाला चिकटली, त्याच्या वर गेली, खाली आली, याला कसलाच अर्थ नाही. दोन्ही पट्ट्या वेगळ्या. एक जरा ताणली की रेघ हवी तिथे नेता येते.

आणि या चित्रातला खरा धोका शेतकऱ्याच्या कामाचा आहे. चित्र असे सांगते की आडसालीचा थर जसजसा कमी झाला तसतशी उताऱ्याची रेघ वर गेली. बघणारा पटकन म्हणतो, 'आडसालीमुळे उतारा पडतो.' असा निष्कर्ष या चित्रातून निघत नाही. आडसाली ऊस नोव्हेंबर-डिसेंबरात तुटला, आणि तेव्हा थंडी नुकती सुरू झालेली असते. कोरडी हवा, थंड रात्री मिळाल्या की ऊस पक्व होतो, त्यात साखर भरते. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत उतारा चढतो. तो सगळ्याच उसांचा चढतो. थर आणि रेघ एकाच वेळी हलले, दोघांना हलवणारा हंगाम होता. आडसालीचा खरा उतारा बघायचा तर एकाच पंधरवड्यात तुटलेल्या आडसाली आणि खोडव्याचे नमुने शेजारी ठेवून तपासायला हवेत. स्तंभावर रेघ असलेले कोणतेही चित्र पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. अशा एका चित्रावरून लागणीचे धोरण ठरू लागले तर ते अंगाशी येईल.

संगणकावर कसे करावे

आता ज्यांना स्वतः करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी. गट ऑफिसातल्या आणि कॉलेजातल्या आपल्या मुला-मुलींनी हा भाग जरूर वाचावा.

एक्सेलमध्ये पहिल्या रकान्यात महिने, पुढच्या चार रकान्यांत चार प्रकारचा ऊस. एवढेच निवडावे, 'इन्सर्ट'मध्ये जाऊन कॉलम चार्टातला 'स्टॅक्ड कॉलम' घ्यावा. तिथे शेजारी शेजारी तीन चित्रे असतात : सुटे स्तंभ, थरांचे स्तंभ, शतमान स्तंभ. निवडताना 'एकूण' हा रकाना चुकूनही घेऊ नये. घेतला की तो पाचवा थर होऊन बसतो आणि १०० हजार टनांचा स्तंभ २०० चा होतो. पहिल्या रकान्यात नुसते २०२४, २०२५ असे आकडे असतील तर संगणक त्यांनाही ऊसच समजतो आणि स्तंभ काढून मोकळा होतो. म्हणून त्या रकान्याचे सर्वांत वरचे घर रिकामे ठेवावे किंवा '२०२४-२५' असे लिहावे.

उतारा जोडायचा असेल तर तो रकानाही निवडावा. सुरुवातीला तो टनांवरच जाऊन बसतो. आपल्या तक्त्यात आकडे हजारांत आहेत, म्हणजे नोव्हेंबरात दहा हजार टन ऊस फुकटचा वाढतो. घाबरू नये. त्या थरावर उजवे बटण दाबून चार्टचा प्रकार बदलण्याची खिडकी उघडावी, उताऱ्यापुढे 'लाइन' निवडावी आणि 'सेकंडरी अॅक्सिस'च्या चौकटीत खूण करावी. झाले. स्तंभाच्या डोक्यावर एकूण टन छापायचे असतील तर युक्ती अशी : 'एकूण'चा रकानाही घ्यावा, त्याचीही रेघ करावी, पण ती डाव्या पट्टीवरच ठेवावी. त्या रेघेला आकड्यांची लेबले लावावीत आणि मग रेघेचा रंग 'नो लाइन' करावा. रेघ दिसेनाशी होते, आकडे स्तंभांच्या टोकावर उरतात.

दोन हंगाम शेजारी शेजारी आणि प्रत्येकात थर, असे चित्र पुष्कळदा मागितले जाते. एक्सेलमध्ये त्याचे वेगळे बटण नाही. तक्त्यात नोव्हेंबर मागचा, नोव्हेंबर यंदाचा, मग एक रिकामी ओळ, मग डिसेंबर मागचा, डिसेंबर यंदाचा, पुन्हा रिकामी ओळ, असे लिहावे आणि 'गॅप विड्थ' अगदी कमी करावी. रिकामी ओळ जोड्यांमधला बांध होते.

डॅशबोर्डवर मात्र वेगळीच अडचण येते, आणि बहुतेक मंडळी तिथेच अडतात. गूगलचे जे साधन २०१६ साली डेटा स्टुडिओ नावाने आले आणि २०२२ साली लुकर स्टुडिओ झाले, त्यात स्तंभाला थर पाडण्याच्या दोन वाटा आहेत. एक तर अनेक मापे द्यायची : आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा अशी चार. किंवा एकच माप द्यायचे, 'टन', आणि ते 'ऊसप्रकार' या रकान्याने फोडायला सांगायचे. दोन्ही वाटा एकदम घेता येत नाहीत. फोडणारा रकाना दिला की माप एकच चालते. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयमधल्या स्टॅक्ड कॉलमलाही अशीच अट आहे. तिथे फोडणारा रकाना 'लेजंड'मध्ये जातो.

उपाय साधा आहे : आडवा तक्ता उभा करावा. आपला वरचा तक्ता आडवा आहे. एका महिन्याची एक ओळ आणि ऊसप्रकारांचे चार रकाने. उभ्या तक्त्यात रकाने तीनच : महिना, ऊसप्रकार, टन. 'नोव्हेंबर, आडसाली, ६०' ही एक ओळ, 'नोव्हेंबर, पूर्वहंगामी, १०' ही दुसरी. पाच महिन्यांच्या वीस ओळी होतात. त्यात 'गट' हा चौथा रकाना घातला तर सहा गटांच्या एकशेवीस ओळी. माणसाला वाचायला कंटाळवाण्या, पण संगणकाला अगदी सोयीच्या. मग डॅशबोर्डवर गटाचे नाव निवडले की त्या गटाचेच स्तंभ पुढे येतात. हाताने लिहीत बसायला नको. एक्सेलच्या पॉवर क्वेरीत रकाने निवडून 'अनपिव्हट' म्हटले की तक्ता उभा होतो.

उभ्या तक्त्यात दोन पथ्ये कडक पाळावीत. 'एकूण'च्या ओळी काढून टाकाव्यात, आणि टनांच्या रकान्यात उतारा घालू नये. डॅशबोर्डचा स्वभाव बेरीज करण्याचा. पाच महिन्यांचे उतारे दिले आणि बेरजेवरच ठेवले तर तो हंगामाचा उतारा ५६ टक्के दाखवील. ते पाहून निदान कोणी तरी हसेल आणि चूक सापडेल. 'अॅव्हरेज' निवडले तर ११.२ येतो, आणि तो कोणालाच खटकत नाही; धोका तिथे जास्त. उतारा हा तक्त्यात न ठेवता डॅशबोर्डवर सूत्राने काढावा : सगळी साखर भागिले सगळा ऊस, गुणिले शंभर. मग कोणताही महिना निवडा, दोन महिने निवडा, आकडा बरोबरच येईल.

रंगांबद्दल थोडेसे. खोडव्याला एका पानावर पिवळा रंग दिला तर सगळ्या अहवालात पिवळाच ठेवावा. लाल आणि हिरवा शेजारी ठेवू नयेत, काही माणसांना त्यांतला फरक दिसत नाही. आणि काळ्या शाईत छापायचे असेल तर छापण्याआधी एकदा झेरॉक्स काढून बघावी.

उसातली साखर गेली कुठे?

एकाच उसाचे टक्के रचता येतात असे वर म्हटले, त्याचे हे उदाहरण. प्रयोगशाळेत उसातली साखर मोजतात, तिला कारखान्यात पोल म्हणतात. ती सगळी पोत्यात येत नाही. काही मोलॅसिसमध्ये जाते, काही बगॅसमध्ये, थोडी प्रेसमडमध्ये, आणि थोडी कुठे गेली ते सापडत नाही. समजा शंभर किलो उसात १३.२० किलो साखर होती. त्यातली ११.४० पोत्यात आली, १.१० मोलॅसिसमध्ये, ०.५५ बगॅसमध्ये, ०.०७ प्रेसमडमध्ये आणि ०.०८ अज्ञात घट. बेरीज बरोबर १३.२०. सगळे त्याच उसाचे टक्के, म्हणून स्तंभ पक्का. फक्त प्रेसमडचा थर एवढा बारीक की रेघच दिसते. त्यासाठी घटीचे चार थर घेऊन १.८० उंचीचा दुसरा स्तंभ शेजारी काढावा. पोत्यातली साखर नशिबाची आणि घट मिलची, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. पण ऊस तुटून दोन-तीन दिवस वाळत पडला तर साखर गव्हाणीत पडण्याआधीच कमी होते, आणि ती या स्तंभात कुठेच दिसत नाही. स्तंभ सुरू होतो तो ऊस कारखान्यात आल्यावर.

२०१८ पासून बी-हेवी मोलॅसिस आणि उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला वेगळे दर मिळू लागले, तेव्हापासून या स्तंभात आणखी एक थर आला : इथेनॉलकडे वळवलेली साखर. समजा पोत्यात ९.९० आली आणि १.५० वळवली गेली. नुसता पहिला थर दाखवला तर सभासद म्हणणार, उतारा दहाच्या आत आला! दोन्ही थर रचले की ११.४०. अंतिम उतारा काढताना ही वळवलेली साखर मिळवली जाते, आणि एफआरपी उताऱ्यावर ठरते, तेव्हा अहवालात हे दोन्ही थर दिसलेच पाहिजेत. एकच थर छापला असेल तर दुसरा सभेत विचारून घ्यावा.

घरी करून पाहण्यासाठी

मुलांच्या चौकटीच्या वहीचे एक पान घ्यावे. आपली गेल्या पाच हंगामांची ऊसबिले काढावीत. नसतील तर सहकारी संस्था कायदा १९६० च्या कलम ३२ प्रमाणे संस्थेच्या दप्तरातल्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी सभासदाला पाहता येतात. प्रत्येक हंगामाचा एक स्तंभ, टनामागे रुपयांत. तळाला हातात पडलेली रक्कम. तिच्या लगेच वर सोसायटीच्या कर्जाची वसुली. हा खर्च नव्हे, आपलेच फिटलेले देणे आहे, म्हणून ते आपल्या रकमेला चिकटून असावे. त्यावर इतर कपाती असतील त्या, प्रत्येकीचे नाव लिहून. माथ्यावर तोडणी-वाहतूक.

मग दुसऱ्या पानावर तेच पैसे वेळेप्रमाणे रचावेत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के दराने व्याज. तळाला चौदा दिवसांत मिळालेले, त्यावर उशिरा मिळालेले, माथ्यावर राहिलेले. दोन्ही पानांवरच्या स्तंभांची उंची एकच यायला हवी. येत नसेल तर पाटबाकीचा उतारा, तोडणीच्या पावत्या आणि बिल घेऊन सभेआधी गट ऑफिसला जावे. सभेच्या दिवशी तिथे कोणी भेटत नाही.